फर्म काढताय? आधी एक काम एकत्र करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई आर्किटेक्ट आहेत. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून त्या कोल्हापूरला परत आल्या आहेत आणि आता स्वतःची फर्म काढायची आहे. डोळ्यासमोर तीन माणसं आहेत. पहिला कॉलेजातला वर्गमित्र, तोही आर्किटेक्ट, सध्या सांगलीत नोकरीला. दुसरा डिप्लोमा झालेला सिव्हिल इंजिनिअर. पंधरा वर्षं प्लॅन पास करून देतोय, महापालिकेत त्याच्या ओळखी आहेत. तिसरा लांबच्या नात्यातला बिल्डर. तो म्हणतो, ऑफिस मी टाकून देतो, तुम्ही डिझाइन बघा, चाळीस टक्के माझे. यातला कुणाला पार्टनर करू? आणि शेवटी एक वाक्य आहे: ‘डिझाइन मला येतं, धावपळ करणारं कुणीतरी हवंय.’

मी एकतीस वर्षं कोल्हापुरात प्रॅक्टिस करतोय. माझी एक भागीदारी चार वर्षांत मोडली, दुसरी तेवीस वर्षं चालू आहे. त्या दोन्हींच्या अनुभवावरून हे उत्तर लिहितोय.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. धावपळ करणारं माणूस शोधायला निघालात तर मदतनीस मिळेल, आणि मदतनीस पगारावर ठेवता येतो. साइटवर जाणारा मुलगा, फाइलच्या मागं फिरणारा माणूस, दोन्ही आपल्याकडे मिळतात. पार्टनर म्हणजे ज्याच्या सहीची भरपाई तुमच्या घरातून मागितली जाऊ शकते असा माणूस. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम २५ हेच सांगतं: फर्मच्या नावानं जे काही होईल त्याला प्रत्येक भागीदार इतरांबरोबर जबाबदार असतो आणि एकटाही जबाबदार असतो. तुमचा हिस्सा साठ टक्के असो नाहीतर दहा, ज्याचं नुकसान झालं तो पूर्ण रक्कम तुमच्या एकटीकडून मागू शकतो. त्यामुळे कुणाच्याही बाबतीत पहिला प्रश्न हा धरा: याची चूक उद्या माझ्या नावावर आली तर मी ती उचलेन का? आणि माझी चूक हा उचलेल का?

आणखी एक. डिझाइन करणारा मोठा आणि बाकीचं बघणारा लहान, हा समज डोक्यातून काढूनच पुढं या. शिकागोच्या ॲडलर आणि सलिव्हन या आर्किटेक्ट जोडीवर आपण सगळ्यांनी कॉलेजात उत्तरं लिहिली आहेत, त्यात ॲडलर एका ओळीत संपायचा. पण इमारतीचं इंजिनिअरिंग, सभागृहातला आवाज, गिऱ्हाइकाशी बोलणी, हे सगळं डँकमार ॲडलर सांभाळायचा. १८८९ ची ऑडिटोरियम बिल्डिंग दोघांची. मंदीच्या दिवसांत, १८९५ ला, ॲडलर फर्ममधून बाहेर पडला आणि त्यानंतर सलिव्हनला मोठी कामं फार थोडी मिळाली. डिझाइन सलिव्हनचंच होतं, हातही तोच होता.

आता तुमच्या तिघांकडं वळतो.

इंजिनिअर. हा माणूस कामाचा आहे, त्याला धरून ठेवा, पण भागीदार करू नका. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टच्या कलम ३७ प्रमाणे ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणीकृत आर्किटेक्टला किंवा आर्किटेक्टांच्या फर्मलाच लावता येतं. आर्किटेक्टांची फर्म म्हणजे जिचे सगळे भागीदार नोंदणीकृत आहेत ती, ही आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची भूमिका कायमची आहे. सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की हे कलम बिरुदावर बंदी घालतं, कामावर नाही. म्हणजे इंजिनिअरनं नकाशा काढला म्हणून गुन्हा होत नाही. पण त्याला भागीदार करून दारावर ‘आर्किटेक्ट्स’ची पाटी लावलीत तर अडचण तुमच्या रजिस्ट्रेशनला आहे, त्याच्या नाही.

ओळखींचं म्हणाल तर त्यांची किंमत तुम्ही जास्त धरताय. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली, अर्ज ऑनलाइन झाले, शहरालगतच्या ४२ गावांत परवानगी द्यायला २०१७ पासून वेगळं विकास प्राधिकरण आहे. साहेबांची बदली झाली की ओळख गेली. मार्जिन, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, बरोबर सोडलेला, क्षेत्राचा तक्ता जुळणारा, मोजणीच्या नकाशाशी हद्द मिळणारा प्लॅन साहेब बदलला तरी पुढं सरकतो. इंजिनिअरला प्रत्येक कामाचं वेगळं पत्र द्या. परवानगी मिळाल्यावर इतके, जोता तपासणी झाल्यावर इतके, भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर इतके, असं लिहून. त्याचे पैसे वेळेवर गेले की तो पार्टनर नसूनही पार्टनरसारखा उभा राहतो.

बिल्डर. इथं माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. तो आर्किटेक्ट नाही, हा मुद्दा आलाच. त्याहून मोठा मुद्दा असा की मालक आणि ठेकेदार यांच्यामध्ये आपण निःपक्षपाती राहायचं, कमिशन घ्यायचं नाही, द्यायचंही नाही. १९८९ पासूनचे आपल्या व्यवसायाचे आचारनियम हेच सांगतात आणि मालक आपल्याला फी देतो तीसुद्धा याचसाठी. ज्याच्या पैशावर तुमचं ऑफिस चालतं त्याच्याच स्लॅबचं बिल तुमच्या टेबलावर आलं, आणि मोजमापात सळी कमी भरली, तर काय लिहाल? तुम्ही प्रामाणिक असाल, पण तो आकडा लिहिताना हात जड होणार. बरं, चाळीस टक्क्यांची गोष्ट तो बाजूच्या कागदावर करायला सांगेल. तो कागद तर अजिबात करू नका. पैसे कमी पडत असतील तर बँकेचं कर्ज घ्या, घरातल्या पुढच्या खोलीतून सुरुवात करा, प्लॉटरऐवजी प्रिंट बाहेरून काढा. 

राहिला वर्गमित्र. तुमच्या तिघांत विचार करण्यासारखा हाच. पण तो वर्गमित्र आहे म्हणून नाही, हे माझ्या पहिल्या भागीदारीची गोष्ट सांगितली की कळेल.

१९९४ साली मी आणि माझा वर्गमित्र, आम्ही राजारामपुरीत एका घराच्या माडीवर ऑफिस टाकलं. वर पत्रा होता. उन्हाळ्यात ट्रेसिंग पेपरला घामाचे डाग पडायचे, म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून काढायचो. पाच वर्षं एका बाकावर बसलेलो, सबमिशनच्या रात्री एकमेकांची मॉडेलं चिकटवलेली. लिहून काय ठेवायचं? अर्धा-अर्धा, एवढंच ठरलं, तेही चहा पिताना.

आवड दोघांची एक होती. विटांचं काम, उतरती छपरं, खिडकीच्या वरचा छज्जा किती पुढं घ्यायचा, यावर आमचं कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते वहीवरून. त्याच्या मामांच्या ओळखीच्या पार्टीनं दिलेला ॲडव्हान्स त्यानं घरी ठेवला. ‘ते आमच्या घरचंच काम आहे,’ असं तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं तो खरंच बोलत होता. माझ्या दृष्टीनं ऑफिसात आलेला प्रत्येक रुपया ऑफिसचा होता. कॉलेजातल्या पाच वर्षांत आमच्यामध्ये पैसा कधी आलाच नव्हता, त्यामुळे या बाबतीत हा कसा वागतो हे मला माहीतच नव्हतं, आणि माझ्याबद्दल त्यालाही माहीत नव्हतं. दोष त्याच्याइतकाच माझाही आहे. तीन वर्षं मी मनात धरून बसलो आणि चौथ्या वर्षी एका संध्याकाळी सगळं एकदम बोललो.

फुटताना आणखी एक कळलं. एका बिल्डरकडं आमची १,४०,००० रुपये फी अडकली होती. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, फर्म रजिस्टर केली आहे का? केली नव्हती. भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. ते पैसे गेले. कपाटातली ट्रेसिंग्ज वाटून घेताना आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसलो होतो, मधे गुंडाळ्यांचा ढीग. कुठल्या घराचा जिना कुणी काढला हे दोघांनाही नक्की आठवेना. शेवटी ज्याच्या हाताला जी गुंडाळी लागली ती त्यानं घेतली. आज त्यातल्या एका घराचा मालक वरचा मजला चढवायला माझ्याकडं आलाय आणि त्याचे मूळ नकाशे माझ्याकडं नाहीत.

म्हणून सांगतो, मैत्रीत आवडीनिवडी कळतात. पैशाच्या, चुकीच्या आणि वाईट बातमीच्या वेळी माणूस कसा वागतो हे सोबत काम केल्याशिवाय कळत नाही. भागीदारीपत्र करण्याआधी दोघांनी मिळून एक खरं काम करा. स्पर्धेची एन्ट्री चालणार नाही, तिथं मालकही नसतो आणि मुकादमही. एखादा दवाखाना, एखादं घर, वर्षभरात पुरं होईल असं काही. दोघांची नावं वेगळी, एक साधं पत्र, फी कशी वाटायची ते त्यात लिहिलेलं.

माझ्या आताच्या पार्टनर आणि मी असंच एक काम केलं होतं, २००१ साली, कळंब्याला. निवृत्त शिक्षकांचं घर. पार्टनरची तेव्हा ताराबाई पार्कात स्वतःची प्रॅक्टिस होती, माझी माझी. पहिल्या मजल्याचे नकाशे मी काढत होतो. मधेच मालकांनी बाथरूम पूर्वेचं पश्चिमेला न्यायला सांगितलं. मी भिंती हलवल्या. बाथरूमखालचा स्लॅब नऊ इंच खाली घ्यायची खूण मात्र जुन्या जागेवरच राहिली. त्यावरून स्ट्रक्चरलचं ड्रॉइंग झालं, त्यावरून सेंट्रिंग, आणि त्यावर स्लॅब पडला. कपाट येणार त्या कोपऱ्यात स्लॅब खाली, बाथरूममध्ये सपाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला गेलेल्या मुकादमाच्या ते लक्षात आलं. आम्ही दोघं पोचलो तेव्हा सर तिथंच उभे होते. मुकादम म्हणाला, “साहेब, नकाशात हितं खाली घ्यायचं लिवलंयच न्हाई.” नकाशा माझ्या हातात होता. खाली सही माझी होती. मी तोंड उघडायच्या आत पार्टनर सरांना म्हणाल्या, “सर, चूक आमच्या ऑफिसची आहे. तोडून परत घालायला लागेल. तुमचा एक रुपया जाणार नाही.”

आमच्या ऑफिसची! आमचं ऑफिस एक नव्हतं अजून. नकाशा त्यांनी बघितलासुद्धा नव्हता. सर जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग कधी तोडायचं म्हणतासा?” बास, विषय तिथं संपला. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून तेवढा भाग तोडला, सळी तपासली, परत घातला. बावीस हजार लागले. मी पूर्ण देणार होतो. पार्टनरनी न मागता अकरा हजारांचा चेक आणून टेबलावर ठेवला. वर हेही सांगितलं की नकाशा बदलला की दुसऱ्यानं तपासल्याशिवाय साइटला जायचा नाही, आजपासून. तो नियम आमच्या ऑफिसात आजही आहे. त्या वर्षाच्या आत मी त्यांना भागीदारीबद्दल विचारलं.

तुमच्या सांगलीच्या मित्राबरोबरच्या कामात असा प्रसंग आला तर कान देऊन ऐका. ‘ते ड्रॉइंग मी काढलं नव्हतं’ हे वाक्य खरं असू शकतं. मालकासमोर ते बोलणारा माणूस नोकरीत चालतो, भागीदारीत मात्र पुढं सांभाळणं कठीण जातं. आणि चूक तुमची असेल तेव्हा तुम्ही काय बोलता हेही बघा. तो पण तुम्हाला पारखतोय.

प्रसंग नाहीच आला तर एक प्रश्न मुद्दाम विचारा. समजा, प्लॉटचा अर्धा भाग पंचगंगेच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात आहे. मालक म्हणतो, दुसरे एक इंजिनिअर करून देतो म्हणतायत, तुम्ही नाही म्हणालात तर काम जाईल. काय करायचं? २०१९ आणि २०२१ चं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कात ज्यांनी बघितलंय त्यांना हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. मित्र तडक ‘नाही’ म्हणाला तर चांगलंच. ‘आधी रेषेचा नकाशा काढून बघू, रेषेबाहेर किती बसतं ते मालकाला दाखवू’ असं म्हणाला तर त्याहून चांगलं. ‘आपण नाही केलं तर कुणीतरी करणारच’ असं म्हणाला तर त्याच्यासोबत चहा प्या, मैत्री ठेवा आणि फर्म वेगळी काढा.

तुम्ही बाई आहात म्हणून एक गोष्ट जास्तीची लिहितो, कारण ती मला माझ्या पार्टनरनी शिकवली. आम्ही दोघं मिटिंगला बसलो की मालक बोलताना माझ्याकडं बघायचे. जिना त्यांनी काढलेला, प्रश्न मला. सुरुवातीला मी उत्तर देऊन टाकायचो, वेळ वाचतो म्हणून. एका मिटिंगनंतर गाडीत त्या म्हणाल्या, “माझ्या जिन्याबद्दल तुम्ही उत्तर दिलंत, आता त्या घरात मी फर्निचरवाली मॅडम झाले.” खरं होतं. पुढच्या वेळेस मी फक्त मान त्यांच्याकडं वळवली आणि गप्प बसलो. मालकांचीही मान वळली. तुमचा मित्र हे आपणहून करतो का ते पहिल्या दोन मिटिंगांत कळेल. करत नसेल तर एकदा स्पष्ट सांगून बघा. सांगितल्यावर सुधारला तर प्रश्न नाही. ‘तू उगाच मनाला लावून घेतेस’ म्हणाला तर ती खूण गंभीर धरा, कारण साइटवर स्लॅबच्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही एकट्या उभ्या असाल तेव्हा मुकादम तुमचं ऐकतो की नाही हे बऱ्याच अंशी तुमचा पार्टनर त्याच्याशी तुमच्याबद्दल काय बोलतो यावर ठरतं.

आता पैसा. हा विषय मी लांबवणार आहे, कारण फर्म मोडतात त्या इथं.

दोघांनी आपापल्या घरचा महिन्याचा खर्च कागदावर लिहा आणि कागद समोरासमोर ठेवा. भाडं किंवा हप्ता, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं, घरात दुसरी मिळकत आहे की नाही. लाजू नका. ज्याच्या घरी बायकोचा किंवा नवऱ्याचा पगार येतो तो सहा महिने थांबू शकतो. ज्याच्यावर सगळं घर आहे तो तिसऱ्या महिन्यात मिळेल ते काम, मिळेल त्या फीला घ्यायला लागतो. यात वाईट कुणीच नसतं, पण हे आधी माहीत असलं तर ‘हा कामं पाडून घेतोय’ आणि ‘ही कामं नाकारतेय’ अशी धुसफूस होत नाही.

मग फीचं गणित एकदा दोघांनी मिळून मांडा. समजा एका हॉस्पिटलला तुम्ही १,००,००० रुपयांचं बिल दिलं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेलेली असली की त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल झालं १,१८,००० चं. हॉस्पिटल १० टक्के टीडीएस कापून १,०८,००० बँकेत टाकतं. त्यातले १८,००० सरकारचे, तुमचे नव्हेतच. हातात ९०,००० राहतात. त्यातून स्ट्रक्चरल कन्सल्टंट, ड्राफ्ट्समनचा पगार, भाडं, सॉफ्टवेअरचं लायसन्स, साइटचं पेट्रोल. कापलेला टीडीएस हिशेबात मिळतो, पण पुढं. ज्याला १,०८,००० दिसतात आणि ज्याला ९०,००० दिसतात अशी दोन माणसं एका खात्यावर सह्या करायला लागली की पहिल्या मार्चलाच वाद होतो. जीएसटीचे पैसे आले त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची सवय लावा.

दर महिन्याची उचल दोघांची सारखी ठेवा आणि ती नफ्यापासून वेगळी धरा. हे लिहिलं नाही तर कायदा स्वतःचं लावतो. भागीदारी कायद्याचं कलम १३ म्हणतं की ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान, आणि कामाबद्दल भागीदाराला वेगळा मेहनताना नाही. एक जण दिवसाला बारा तास आणि दुसरा चार, तरीसुद्धा. आणि १ एप्रिल २०२५ पासून फर्मकडून भागीदाराला जाणारा पगार, कमिशन, व्याज वर्षाला २०,००० च्या वर गेलं की फर्मला त्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. नवीन फर्म हे हमखास विसरतात, सीएंना पहिल्याच महिन्यात विचारून घ्या.

कोल्हापुरातली खरी डोकेदुखी मात्र पाव्हण्यांची आहे. इथं पहिली पाचसहा कामं नात्यातूनच येतात. मावसभावाचं घर, सोयऱ्याचं दुकान, आणि पाव्हण्याला फी कशी मागायची? ताराबाई पार्कातला डॉक्टर फी देतो आणि पाव्हणा जेवायला बोलावतो. दोन्ही कामांना ड्राफ्ट्समनचे तास मात्र तेवढेच जातात. आमच्याकडं नियम असा: काम कुणीही आणलं तरी ते फर्मचं, बिल प्रत्येकाला निघणार. ज्याला पाव्हण्याची फी सोडायची आहे त्यानं खुशाल सोडावी, ती रक्कम त्याच्या नफ्यातून वजा. हा नियम झाल्यापासून दोघांचेही बरेच पाव्हणे फी द्यायला लागले, कारण ‘ऑफिसचा नियम आहे’ असं सांगता येतं.

मित्राच्या घरी एकदा जेवायला जा, त्याला कुटुंबासह आपल्या घरी बोलवा. पार्टनरच्या घरच्यांना ‘हिची फर्म’ वाटते की ‘आपली फर्म’, हे ताटावर बसल्यावर कळतं.

वर्षभराचं काम नीट पार पडलं की भागीदारीपत्र करा आणि फर्म निबंधकांकडं रजिस्टर करा. भांडवल, उचल, नफ्याचं प्रमाण हे वकील घालतीलच. मी ज्या गोष्टी आग्रहानं घालायला सांगेन त्या वेगळ्या आहेत. किती रकमेवरच्या चेकला दोघांच्या सह्या. कुठल्या नकाशावर कुणाची सही आणि तपासणार कोण. बाळंतपण, आजारपण, आईवडिलांचं आजारपण यात किती महिने उचल चालू राहणार. बाहेर पडायचं असेल तर किती महिन्यांची नोटीस, चालू कामं कोण पुरी करणार, त्याची उरलेली फी कशी वाटायची, नकाशांच्या फायली कुणाकडं. माझ्या मते दोघांकडंही पूर्ण संच राहावा, संगणकावर त्याला खर्च लागत नाही. नाव कुणाकडं राहणार. आणि भांडण झालं तर आधी कुणाकडं जायचं. आम्ही दोघांना मान्य असलेल्या एका ज्येष्ठ सीएंचं नाव घातलं होतं.

मृत्यूचं कलम लिहायला कुणाला आवडत नाही. पण दोघांच्या फर्ममध्ये एक गेला की भागीदारीच उरत नाही, आणि मालकाचं घर तर जोत्यावर आलेलं असतं. आपल्या नवीन राजवाड्यामुळे कोल्हापूरला त्याचा आर्किटेक्ट मेजर मँट माहीत आहे. बडोद्याच्या लक्ष्मी विलासचं कामही त्याचंच. १८८१ ला तो गेला तेव्हा ते अपुरं होतं, रॉबर्ट चिशोम या दुसऱ्या आर्किटेक्टनं ते पुरं केलं. घराचं काम असो की राजवाड्याचं, मागं कुणीतरी ते हातात घेणारा लागतो. तो कोण, हे कागदावर असू द्या. वारसांना त्या दिवसापर्यंतचा हिस्सा किती दिवसांत द्यायचा, तेही.

हे सगळं वाचून भागीदारी जड वाटली तर मधला एक रस्ता आहे. पहिली दोन वर्षं एका छपराखाली दोन प्रॅक्टिस ठेवा. भाडं, ड्राफ्ट्समन, प्रिंटर निम्मा-निम्मा, कामं आणि बँक खाती वेगळी. मला हा रस्ता आवडतो, फक्त पाटीचं भान ठेवा. एकाच पाटीवर, एकाच लेटरहेडवर दोघांची नावं जोडून लिहिलीत आणि लोकांनी त्या भरवशावर व्यवहार केला, तर भागीदारी कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कागदावर भागीदार नसूनही जबाबदारी येऊ शकते. पाट्या दोन लावा, लेटरहेड दोन, बिलंही आपापल्या नावानं.

तुमच्या पत्रात उचगावच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याचा उल्लेख आहे, काम हातात आलंय पण सुरू झालेलं नाही. तेच काम या मित्राबरोबर करा. त्याला आत्ता नोकरी सोडायला सांगू नका, शनिवार-रविवार येऊ दे. फी कशी वाटायची त्याचं पत्र या आठवड्यात लिहा, दोघांनी सह्या करा, एकेक प्रत ठेवा. इंजिनिअरांना परवानगीच्या कामाचं वेगळं पत्र द्या. बिल्डर पाव्हण्यांना घरी जाऊन, चहा घेऊन, नीट शब्दांत नाही सांगा. आणि दवाखान्याच्या पहिल्या मिटिंगला मित्राला शेजारी बसवा. डॉक्टर प्लॅनबद्दल पहिला प्रश्न त्याला विचारतील, तेव्हा तो काय करतो ते बघा.